तुटलेला धागा आणि अकरा मणी

प्रास्ताविक

कथा, कविता, आत्मकथन अशा ललित लेखनाचा परिचय तुम्हांला झाला आहे. प्रस्तुत पाठ माहितीपर गद्याचा आहे. अशा गद्यात भाषेचे काम निराळे असते. कवितेतील एका शब्दाला चार अर्थ असले तर ते तिचे वैभव ठरते. औषधाच्या माहितीपत्रकात तसे झाले तर कोणाच्या तरी जिवाशी खेळ होतो. ‘सुरक्षित’, ‘सुसह्य’, ‘गुणकारी’, ‘प्रायोगिक’ हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात सैलपणे वापरतो. या पाठात ते जपून वापरले आहेत. वाचताना त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर मज्जातंतूला इजा झाली म्हणजे नेमके काय होते, हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल. प्रायोगिक औषध आणि मान्यताप्राप्त औषध यांतील भेद स्पष्ट करू शकाल. आणि संमतिपत्रासारखा मजकूर वाचताना कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवू शकाल.

मूळ पाठ

पायांपासून सुरुवात

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांची तक्रार एकच असते. तळपाय भाजल्यासारखे होतात, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. पुढे उलटेच घडते. पायाला काहीच कळेनासे होते. चप्पल निसटून मागे राहिली तरी समजत नाही, खडा रुतला तरी दुखत नाही. दुखणे थांबले म्हणून माणूस समाधान मानतो, आणि खरा धोका तेथेच सुरू होतो.

तक्रार पायांपासूनच का सुरू होते? आपल्या शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू पायांकडे जातात. कमरेजवळच्या मुळापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकेक तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. वाढलेली रक्तशर्करा तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना दुखावते, तेव्हा सर्वांत दूरचे टोक आधी कोमेजते. लांब कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी आधी कमी पडते, तसाच हा प्रकार आहे.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. बोलीत आपण ‘नस दुखावली’ असे म्हणतो. पण नस हा शब्द रक्तवाहिनीलाही लावतो आणि स्नायूच्या दोरीलाही. वैद्यकीय लेखनात ‘मज्जातंतू’ रूढ आहे, तर विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘चेतातंतू’ वापरतात. या पाठात मज्जातंतू हाच शब्द ठेवला आहे, कारण घराघरांत तो ओळखीचा आहे.

दिवसाला एक मिलिमीटर

मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याबाहेरील मज्जातंतू तुटला किंवा चिरडला गेला, तर तो पुन्हा वाढू शकतो. आधी तुटलेल्या जागेपलीकडचा भाग झिजून जातो. ही गोष्ट ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या जिभेतील तंतूंवर दाखवून दिली. मग तंतूभोवती आवरण करणाऱ्या श्वान पेशी झिजलेला भाग साफ करतात, रांगेने उभ्या राहतात आणि नव्या अंकुराला वाट दाखवतात. (हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे आहे. संस्कृतातील श्वानाशी त्याचा संबंध नाही. वर्गात दरवर्षी हा प्रश्न येतो, म्हणून आधीच सांगितले.)

हा अंकुर सर्वसाधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर पुढे सरकतो. हिशेब करून पाहा. कोपरापाशी तंतू तुटला आणि तेथून बोटाचे टोक ४५ सेंटीमीटर दूर असले, तर अंकुराला पोहोचायला साडेचारशे दिवस लागतील, म्हणजे सव्वा वर्ष. स्नायू इतका वेळ वाट पाहत नाहीत. वर्ष-दीड वर्षात ते संदेश घेण्याची ताकद गमावू लागतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांत तर असा अंकुर जवळजवळ फुटतच नाही. मज्जातंतूंच्या दुरुस्तीचे औषध शोधण्यामागे शास्त्रज्ञ शतकभर का लागले आहेत, ते यावरून ध्यानात येईल.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख मधुमेहाच्या आधीपासून आहे. कुष्ठरोगाचे जंतू नेमके या श्वान पेशींतच घर करतात. जंतू मारणारी बहुविध औषधयोजना १९८० च्या दशकात आली आणि रोग बरा होऊ लागला. परंतु झिजून गेलेली संवेदना औषधाने परत आली नाही. अमरावतीजवळच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी ज्यांना जवळ केले, त्यांची बोटे केवळ जंतूंमुळे गेली नव्हती. चुलीवरचे भांडे हातात धरले तरी चटका कळत नाही, खिळा टोचला तरी माणूस चालत राहतो, जखम चिघळते आणि बोट झडते. वेदना ही किती मोठी राखणदार आहे, हे ज्याची वेदना गेली आहे त्याला विचारावे.

पाठगत प्रश्न

१. मधुमेहात मज्जातंतूंची इजा प्रथम पायांत का जाणवते?
२. वेदना थांबणे ही नेहमीच चांगली खूण का नसते?

मण्यांची माळ

आता पेप्टाइड म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरातील प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. अमिनो आम्ल हा एक मणी समजा. विसेक प्रकारचे मणी एका ठरावीक क्रमाने ओवले की प्रथिनाची लांब माळ होते. माळ आखूड असली की तिला पेप्टाइड म्हणतात. क्रम बदलला की माळेचे कामही बदलते.

इन्शुलिन हे ५१ मण्यांचे पेप्टाइड आहे. त्याच्या पहिल्या वापराची हकिगत या पाठाच्या दृष्टीने मोलाची आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. मुलगा मरणाच्या दारात होता. अर्कात इन्शुलिन होते, तरी साखर थोडीच उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झाले, कारण अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला. २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली आणि मुलगा सावरला. औषध तेच होते. बारा दिवसांत बदलली ती त्याची शुद्धता. इन्शुलिनच्या शोधाचे श्रेय देताना बँटिंग आणि बेस्ट यांची नावे सर्वांच्या तोंडी असतात. कॉलिपचे नाव मागे पडते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

एक आशा आणि तिचा शेवट

मज्जातंतूंना वाढवणारे एक द्रव्य शरीरातच असते, हे रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९५० च्या दशकात दाखवले. या मज्जातंतूवर्धक घटकासाठी त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच हे द्रव्य मधुमेहींच्या पायांवर उपयोगी पडेल, असे वाटू लागले. १९९८ साली २५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते आशादायक होते. मग १,०१९ रुग्णांवर ४८ आठवडे मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००० साली आला. औषध आणि औषधाचा केवळ भास निर्माण करणारे द्रव्य, म्हणजे प्लासिबो, यांच्या परिणामात ठरवलेल्या मुख्य कसोटीवर फरक दिसला नाही.

असे का झाले? एक अडचण अशी होती की, हे द्रव्य टोचल्यावर त्या जागी ठणका लागत असे. मज्जातंतूंना जागे करणारे द्रव्य वेदनेच्या तंतूंनाही जागे करते. त्यामुळे मात्रा वाढवता येईना. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. अशा चाचणीत कोणाला खरे औषध मिळते हे रुग्णालाही ठाऊक नसावे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसावे, असा दंडक आहे. पण ठणका लागला की रुग्ण ओळखतो, ‘मला खरे मिळाले.’ मनाने उभारी घेतली की पायही हलके वाटू लागतात. छोट्या चाचणीतील आशा अशी फसवू शकते. पुढे या घटकाचे भाग्य दुसऱ्या रूपात उजळले. डोळ्याच्या पारदर्शक पटलाची संवेदना गेलेल्या रुग्णांसाठी त्याच्या थेंबांना अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. पायांसाठी मात्र ते आजही औषध नाही.

अकरा मणी

मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन नावाचे प्रथिन तयार होते. ते १६५ मण्यांचे असते आणि हाडांतील मगजाला तांबड्या रक्तपेशी तयार करण्याचा निरोप देते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचा पंडुरोग घालवण्यासाठी १९८९ पासून ते औषध म्हणून वापरले जाते. (सायकलपटूंनी दमसास वाढवण्यासाठी त्याचा चोरून वापर केला, तो या प्रथिनाच्या इतिहासातील काळा भाग होय.) पुढे असे दिसले की इजा झालेल्या मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींनाही हे प्रथिन सावरते. पक्षाघातावर २००२ साली झालेल्या छोट्या चाचणीने आशा वाढवली. मोठ्या जर्मन चाचणीत ५२२ रुग्ण होते. २००९ साली तिचे आकडे प्रसिद्ध झाले. एरिथ्रोपोएटिन मिळालेल्यांपैकी १६.४ टक्के रुग्ण दगावले होते. प्लासिबो मिळालेल्यांपैकी ९ टक्के. ज्यांना रक्ताची गुठळी विरघळवणारे औषधही दिले होते, त्यांच्याबाबत चिंता विशेष होती. तांबड्या पेशी वाढवणाऱ्या या द्रव्याने रक्तात गुठळ्या होण्याचा संभव वाढतो, हे अन्य रुग्णांतही आढळले आहे.

दुरुस्ती हवी, पण दाट होणारे रक्त नको. हे दोन गुण वेगळे करता येतील काय? मायकेल ब्राइन्स, अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. एरिथ्रोपोएटिनची माळ घडी घालून बसलेली असते. तिच्या एका पिळाचा बाहेरच्या बाजूला येणारा पृष्ठभाग दुरुस्तीचा निरोप देतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पृष्ठभागावरचे तेवढे मणी निवडून त्यांनी अकरा मण्यांची नवी माळ ओवली. एआरए-२९० हे तिचे प्रयोगशाळेतील नाव. पुढे तिला सिबिनेटाइड असे नाव मिळाले. ही माळ तांबड्या पेशी वाढवत नाही. रक्तात ती काही मिनिटेच टिकते, तरी दाह शमवण्याचा आणि दुरुस्तीचा निरोप तेवढ्या वेळात पोहोचतो, अशी कल्पना आहे.

तिच्या चाचण्या प्रामुख्याने सार्कॉइडोसिस या आजाराच्या रुग्णांवर झाल्या. या आजारात फुप्फुसांसारख्या अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होतात आणि पुष्कळांचे सूक्ष्म मज्जातंतूही झिजतात. नेदरलँड्समधील लायडन येथे झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत अवघे २२ रुग्ण होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ होते. त्यांचे चार गट केले होते. २८ दिवस रोज त्वचेखाली १, ४ किंवा ८ मिलिग्रॅम औषध, आणि चौथ्या गटाला प्लासिबो. तंतू वाढले की नाही हे कसे मोजावे? पायाचा तुकडा काढून पाहणे त्रासाचे. येथे संशोधकांनी डोळ्याचा आधार घेतला. बुबुळावरील पारदर्शक पटलात शरीरातील सर्वांत दाट मज्जातंतूंचे जाळे असते, आणि विशेष सूक्ष्मदर्शकातून ते काही न कापता पाहता येते. ४ मिलिग्रॅमच्या गटात या जाळ्याचे क्षेत्र प्लासिबोच्या तुलनेत स्पष्टपणे वाढले. ८ मिलिग्रॅमच्या गटात वाढ दिसली, परंतु ती योगायोगाने झाली नसेल, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही. मात्रा दुप्पट केली म्हणून गुण दुप्पट येत नाही, हे या आकड्यांतून सरळ दिसते. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारातील रुग्णांवरही २८ दिवसांची एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते.

असे असले तरी सिबिनेटाइडला आजवर मज्जातंतूंचे औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही.

‘सहन झाले’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे

या चाचण्यांच्या अहवालांत औषध रुग्णांना चांगले सहन झाले आणि गंभीर दुष्परिणाम त्याच्यामुळे झाल्याचे दिसले नाही, असे म्हटले आहे. हे विधान प्रामाणिक आहे. वाचकाने मात्र त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ६४ माणसे आणि २८ दिवस. हजारात एकाला होणारा अपाय ६४ जणांत दिसण्याचा संभव फारच थोडा. पाच वर्षांनी होणारा अपाय २८ दिवसांत दिसणारच नाही. म्हणून ‘सुसह्य’ हा शब्द भूतकाळाविषयी बोलतो. ‘सुरक्षित’ हा शब्द भविष्याची हमी देतो. दुसरा शब्द वापरण्याचा अधिकार फार मोठ्या पुराव्यानंतर मिळतो.

कोणते अपाय संभवतात? पेशींना जगवणारे, सावरणारे द्रव्य दडून बसलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही सावरील काय, हा पहिला प्रश्न. तो दुरुस्तीच्या प्रत्येक औषधाला विचारावा लागतो. दुसरा प्रश्न शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. एरिथ्रोपोएटिनच्याच इतिहासात याचे भयंकर उदाहरण आहे. १९९८ मध्ये युरोपात विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनातील, औषध टिकवण्यासाठी घातलेले द्रव्य बदलण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत काही रुग्णांच्या शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. ती औषधालाच नव्हे, तर शरीरातील मूळ एरिथ्रोपोएटिनलाही निकामी करू लागली, आणि त्या रुग्णांच्या तांबड्या पेशी तयार होणेच थांबले. पंडुरोगाच्या औषधाने अधिक घोर पंडुरोग झाला. अकरा मण्यांच्या माळेवर प्रतिकारशक्तीचे लक्ष जाण्याचा संभव मोठ्या प्रथिनापेक्षा कमी असतो. तरी तपासणी टळत नाही.

प्राण्यांवर निर्धोक ठरलेले द्रव्य माणसांवर कसे उलटू शकते, हे लंडनमध्ये १३ मार्च २००६ रोजी दिसले. टीजीएन-१४१२ नावाच्या प्रतिपिंडाची अत्यल्प मात्रा सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने देण्यात आली, आणि काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सर्व जगले. तेव्हापासून नवे औषध पहिल्यांदा माणसाला देताना आधी एकाला द्यावे, थांबावे, पाहावे आणि मग पुढच्याला द्यावे, या सावधगिरीवर भर आला.

याच संदर्भात थॅलिडोमाइडची आठवण करणे अवश्य आहे. ते पेप्टाइड नव्हते, झोपेचे औषध होते. पण त्याच्या कथेत मज्जातंतू आहेत, आणि ही बाजू सहसा सांगितली जात नाही. १९६० च्या सप्टेंबरात त्याच्या विक्रीचा अर्ज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी या नव्याने रुजू झालेल्या अधिकारी बाईंच्या मेजावर आला. त्यांना पुरावा अपुरा वाटला. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरांचे छोटेसे पत्र छापून आले. दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्या आपल्या रुग्णांच्या हातापायांना मुंग्या आणि बधिरता येते, हे औषधामुळे तर नसेल, असा त्यांचा प्रश्न होता. केल्सी यांनी तो प्रश्न धरून ठेवला. प्रौढ माणसाच्या मज्जातंतूंना जे दुखावते, ते गर्भाला काय करील? कंपनीचा तगादा सुरू होता, तरी त्यांनी परवानगी दिली नाही. १९६१ च्या अखेरीस उत्तर मिळाले. जगभरात दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिका बहुतांशी वाचली. पायांच्या मुंग्यांविषयीचे एक पत्र एका व्यक्तीने नीट वाचले, एवढेच त्यामागचे कारण. पुढे कुष्ठरोगातील एका तीव्र दाहावर हेच थॅलिडोमाइड उपयोगी ठरले आणि कडक निर्बंधांखाली आज वापरले जाते. द्रव्य चांगले की वाईट, असा प्रश्नच अपुरा असतो. कोणाला, किती, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, असे विचारावे लागते.

पाठगत प्रश्न

३. ‘सुसह्य’ आणि ‘सुरक्षित’ या शब्दांतील भेद लेखकाने कसा स्पष्ट केला आहे?
४. फ्रान्सिस केल्सी यांनी कोणत्या पुराव्यावरून शंका घेतली?

कुपीत काय आहे?

एक प्रसंग कल्पून पाहू. बंगळूरच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. हळ्ळी म्हणजे कानडीत खेडे. नाव वाचून मराठी माणसाला आपुलकी वाटते, पण तेवढ्यावरून त्याचा मराठ्यांशी संबंध जोडण्याची घाई करू नये. आता तेथे खेड्याची खूण उरलेली नाही. बाह्यवळण रस्ता, संगणक कंपन्या, देशभरातून आलेली तरुण मुले. अशाच एका घरी निपाणीहून आलेल्या निवृत्त शिक्षिका आपल्या भाच्याकडे राहतात, असे समजा. वीस वर्षांचा मधुमेह आहे, पायांची आग होते. एके दिवशी भाचा एक लहानशी कुपी त्यांच्यापुढे ठेवतो.

“मावशी, हे मागवलंय तुझ्या पायांसाठी. मज्जातंतू पुन्हा वाढतात म्हणे यानं.”

“कुणी सांगितलं रे? डॉक्टरांनी?”

“नाही, मी वाचलं. नव्व्याण्णव टक्के शुद्ध आहे, प्रमाणपत्र आहे सोबत.”

“आणि हे बारीक अक्षरांत काय लिहिलंय? चष्मा दे बघू माझा. ‘केवळ संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.’ अरे, मग मी कोण?”

मावशींचा प्रश्न बिनतोड आहे. अशा कुप्यांचा व्यापार जगभर चालतो. त्यांत सिबिनेटाइड असते, तसेच बी.पी.सी.-१५७ नावाचे पंधरा मण्यांचे पेप्टाइडही असते. त्यावर क्रोएशियातील झाग्रेब येथील संशोधकांनी उंदरांवर पुष्कळ काम केले आहे. माणसांवरील पुरावा मात्र अगदी तुटपुंजा आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना ते निषिद्ध केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली त्याची गणना, औषधविक्रेत्यांनी स्वतः मिसळून देण्याच्या दृष्टीने सुरक्षिततेची गंभीर शंका असलेल्या द्रव्यांत केली.

‘नव्व्याण्णव टक्के शुद्ध’ याचा अर्थ काय? कुपीतील पेप्टाइडांपैकी नव्व्याण्णव भाग हवी ती माळ आहे, एवढेच फार तर त्यातून कळते. उरलेल्या एका भागात मणी गळलेल्या वा क्रम चुकलेल्या माळा असू शकतात. शिवाय कुपी निर्जंतुक आहे का, हे त्या आकड्यात नाही. मेलेल्या जंतूंच्या आवरणातील विष उकळूनही सहज जात नाही. ते रक्तात गेले तर थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळू शकतो. त्याची वेगळी तपासणी करावी लागते. मान्यताप्राप्त कारखान्यात ती प्रत्येक घाण्याची होते. पेप्टाइडची भुकटी उन्हात, टपालाच्या थैलीत किती दिवस राहिली, हेही प्रमाणपत्रात नसते. टोरांटोच्या त्या मुलाला पहिल्या इंजेक्शनने गळू झाले, तेव्हा निदान समोर डॉक्टर उभे होते. मारतहळ्ळीच्या स्वयंपाकघरात ते नसतील.

संमतीची भाषा

मग मावशींसारख्या रुग्णांनी प्रायोगिक औषधापासून दूरच राहावे काय? तसे नाही. कोणी तरी चाचणीत सहभागी झाल्याशिवाय इन्शुलिनही मिळाले नसते. फरक आहे तो रीतसर चाचणीत आणि घरगुती प्रयोगात. आपल्या देशात याविषयीचे नियम हळूहळू, आणि खरे सांगायचे तर तक्रारी व खटल्यांच्या रेट्याने, कडक झाले. चाचण्यांची नोंदणी करणारी राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. ‘नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम’ २०१९ साली लागू झाले. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देण्याचे बंधन त्यांत आहे.

या नियमांनुसार प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची मान्यता लागते. समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असतात. सामान्य नागरिक कशासाठी? संमतिपत्र त्याला समजले तरच ते रुग्णाला समजेल, म्हणून. भाषेच्या शिक्षकाला येथे मोठे काम आहे, असे मला वाटते. इंग्रजीतून शब्दशः उतरवलेली मराठी संमतिपत्रे वाचली की मूळ इंग्रजीच बरे वाटू लागते.

संमतिपत्रात औषधाला ‘उपचार’ म्हटले असेल तर थांबावे. उपचाराचा हेतू तुम्हांला बरे करणे हा असतो. चाचणीचा हेतू प्रश्नाचे उत्तर मिळवणे हा असतो. दोन्ही हेतू उत्तम आहेत, पण एक नाहीत. आपल्याला प्लासिबो मिळण्याचा संभव किती, मध्येच बाहेर पडता येईल काय, बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार चालू राहतील काय, त्रास झाला तर रात्री कोणाला दूरध्वनी करायचा, चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील की बंद होईल, हे प्रश्न विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. ‘विचार करून उद्या सांगते’ असे म्हणण्याचाही आहे.

तोवर पायांचे काय? रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे, रोज झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहणे, अनवाणी न चालणे, पाण्याचा गरमपणा पायाऐवजी कोपराने पाहणे. मधुमेहाचे मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि त्यानेही मुंग्या येतात. ती साधी रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. आग कमी करणारी मान्यताप्राप्त औषधेही आहेत. ती तंतू पुन्हा उगवत नाहीत, झोप मात्र लागू देतात.

शब्दार्थ

मज्जारज्जू – पाठीच्या कण्यातून जाणारा मुख्य चेतासंस्थेचा दोर
पंडुरोग – रक्तातील तांबड्या पेशी कमी होण्याचा विकार
प्रतिपिंड – परक्या द्रव्याविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रथिन
घाणा – एका वेळी तयार केलेला माल
बिनतोड – ज्याला उत्तर नाही असा
तगादा – सततची मागणी

स्वाध्याय

१. मज्जातंतूवर्धक घटकाची छोटी चाचणी आशादायक ठरली आणि मोठी अपयशी ठरली. यामागील कारणे आठ-दहा ओळींत लिहा.
२. एरिथ्रोपोएटिनमधून सिबिनेटाइड तयार करण्यामागील विचार स्वतःच्या शब्दांत मांडा.
३. ‘अरे, मग मी कोण?’ या मावशींच्या प्रश्नातून काय सूचित होते?
४. ‘प्रायोगिक औषध घरी आणून घेणे हा रुग्णाचा वैयक्तिक प्रश्न आहे.’ या मताच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
५. भाषाभ्यास : ‘रक्तशर्करा’, ‘संमतिपत्र’, ‘नीतिसमिती’ या सामासिक शब्दांचा विग्रह करा. ‘सुरक्षित’, ‘बधिर’, ‘शुद्ध’ या विशेषणांपासून भाववाचक नामे तयार करून वाक्यांत उपयोग करा.
६. उपक्रम : तुमच्या घरातील एखाद्या औषधासोबत आलेले माहितीपत्रक मिळवा. त्यातील दुष्परिणामांविषयीच्या पाच वाक्यांचा आशय घरातील वडीलधाऱ्यांना समजेल अशा मराठीत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. त्यांनी विचारलेले प्रश्न वहीत नोंदवा.